लाखेचे हात

पोरी, गणपतीत बेस गिटार माझ्या मांडीवर ठेवून तू म्हणालीस, "आजोबा, आता फक्त पॉलिश राहिलंय." मी तो पालथा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत दिला. तुला वाटलं, मला आवडला नाही. तसं नाही. गावच्या घराची तुळई उतरवली तेव्हा ते सागवान जळणात जाईल या विचाराने मला झोप नव्हती, आणि तू त्यातून वाद्य काढलंस. पण कडा अजून टोचतात, पाठीवर रंध्याच्या खुणा आहेत, आणि तुझा तो 'फक्त' माझ्या कानाला लागला. घडवायला तुला दोन महिने लागले. पॉलिशलाही तेवढेच धर. त्यातला बराचसा काळ हात न लावता थांबण्यात जातो. तुझी घाई मला माहीत आहे, म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवतो.

हे काम मी मिरजेत शिकलो, सतारमेकर गल्लीत, मिसरूड फुटायच्या आधी. पुढे पस्तीस वर्षं मुंबईत फर्निचरला पॉलिश केलं, पण हात बसला तो तंबोऱ्यांवर. मिरजेत वाद्यं करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार आणि झिलई देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटत गेलं आणि तेच हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. २०२४ मध्ये त्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेपर दोनदा वाचला.

तिथे आमच्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी पॉलिशला हातच लावू दिला नाही. एक कोरा तंबोरा मांडीवर दिला आणि म्हणाले, वाजवणारा धरतो तसा धर. मग खडूने माझ्या अंगाभोवती खुणा केल्या: खांदा इथे टेकतो, मांडी इथे, बोटं इथून खाली येतात. तंबोरा बाजूला ठेवल्यावर त्या खुणा बघायच्या आणि मगच ठरवायचं, कुठे किती आणि काय लावायचं. तू हेच कर. पट्टा गळ्यात घाल, उभी राहून अर्धा तास वाजव, मग बसून वाजव, आणि भावाला खडू घेऊन समोर उभा कर. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग वरच्या कडेवर घासतो, ती एक जागा. पाठीमागे बरगडी टेकते आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल लागतं, ती दुसरी. डावा अंगठा नेकच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत फिरतो, ती तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. बाकी सगळं बघण्यासाठी असतं. या तीन जागा वागवायच्या असतात.

तू विचारलं होतंस, कुठल्या पॉलिशने आवाज चांगला येतो. तंबोऱ्यापुरतं मी याचं उत्तर अर्धा तास देईन. त्याची तबली पातळ असते, तीच थरथरून आवाज देते; तिच्यावर जाड थर चढवला की ती गुदमरते. तुझ्या बेसमध्ये तारेचं कंपन पिकअपमधलं लोहचुंबक आणि वेटोळं पकडतं, आणि बॉडी दीड-पावणेदोन इंच जाडीची भरीव फळी आहे. तिच्यावर कागदाएवढी लाख बसली काय किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, बसलं काय, तुझ्या कानाला फरक सांगता येईल असं मला वाटत नाही. आवाजाच्या नावाखाली महागडा डबा कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. पॉलिशची कामं दोन: घाम आणि दमट हवा लाकडात शिरू द्यायची नाही, आणि हाताला बरं वाटलं पाहिजे. माझ्याकडून तिसरं एक धर. उद्या ओरखडा गेला तर तो तुला घरच्या घरी, स्वतःच्या हाताने भरता आला पाहिजे.

या तिसऱ्या कामासाठी मी बॉडीला लाख सांगतो. बाजारात पर्याय खूप आहेत. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं, आपल्याकडे ज्याला एनसी लॅकर म्हणतात ते. रंगीत बेससाठी ते मोटारींचे रंग वापरत. हे लॅकर पातळ बसतं, वर्षानुवर्षं पिवळट होत जातं, आणि नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून दुरुस्ती सोपी. पण ते फवाऱ्याने मारायचं काम, त्याची वाफ पेट घेते, आणि ते स्टँडच्या रबराला चिकटून काळे डाग धरतं. साठच्या दशकाच्या शेवटी फेंडरवाले जाड, कठीण पॉलिएस्टरकडे वळले. मेलामाइन फर्निचरवाल्यांचं आवडतं. त्याची वाफ डोळ्यांतून पाणी काढते, आणि ओरखडा गेला की जुळवून घेत नाही. हार्डनर घालून मारायचं पीयू सगळ्यात टणक. ते हवंच असेल तर मोटारी रंगवणाऱ्या चांगल्या गॅरेजमध्ये बॉडी देऊन ये. घरात फवारू नकोस. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट छातीत कायमचं घर करतं, आणि कापडी मास्कने वाफ अडत नाही. माझ्या बरोबरीच्या दोघांना उतारवयात दम लागायचा, ते मी जवळून पाहिलंय.

तेल आणि मेण हा साधा मार्ग. जर्मनीची वॉरविक कंपनी कित्येक बेसना असंच मेणाचं अंग ठेवते, आणि ते हाताला लाकडासारखं लागतं. सागवानाला हे शोभतं. पण दर काही महिन्यांनी मेणाचा हात द्यावा लागतो, आणि परीक्षेच्या दिवसांत तू तो देणार नाहीस. तेल वापरायची वेळ आलीच तर जवसाचं, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. घाण्याचं जवस तेल वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं. नारळाचं, शेंगदाण्याचं, तिळाचं तेल लाकडावर वाळतच नाही. चिकट राहतं आणि पुढे खवट वास मारतं. आजी देव्हाऱ्याला खोबरेल लावते ते बघून तू बेसला लावायला जाशील, म्हणून बजावतो.

आता लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा स्वतःभोवती राळ ओततो. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे काढतात, तीच चपडी. आपला देश या कामात फार जुना. रांचीजवळ नामकूमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. घेताना चपडी उजेडात धर. मधासारखी पारदर्शक असेल तर ताजी. गोळे झाले असतील, एकमेकांत चिकटली असेल, तर जुनी. ती स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही आणि वाळल्यावरही मऊ राहते.

शंभर ग्रॅम चपडी अर्धा लिटर मिथिलेटेड स्पिरिटमध्ये टाक. काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी घे. लोखंडी डबा नको, लोखंडाने लाख काळवंडते. रात्रभर ठेव, अधूनमधून लाकडी काडीने हलव, दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळ. तळाला गढूळ थर बसतो, ते लाखेतलं मेण. दोन-चार दिवस न हलवता ठेवलंस तर वरचा स्वच्छ भाग अलगद ओतून घेता येईल. कधी लाखेवर पीयू चढवायची वेळ आली तर हाच मेण काढलेला भाग लागतो; मेणावर पीयू धरत नाही आणि सालीसारखं सुटतं. बरणीवर तारीख लिही. सहा महिन्यांनी ती लाख वापरण्याआधी काचेवर एक थेंब टाकून बघ. थोड्या वेळात कडक झाला नाही तर सगळी फेकून दे. जुन्या लाखेवर जीव जडवून मी एकदा अख्खा पलंग चिकट केला आणि खरवडून पुन्हा केला. आणि हे स्पिरिट विष आहे. बरणी भावाच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस, आणि काम चालू असताना खोलीत निरांजन, उदबत्ती, शेगडी काही नको.

घासण्याच्या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. पॉलिश लाकडाची चूक झाकत नाही, ती वर आणून दाखवतं. आत्ता जो ओरखडा नजरेला दिसत नाही तो पहिल्या ओल्या हाताबरोबर चंद्रकोरीसारखा उमटतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू कर, मग १८०, २२०, शेवटी ३२०. एकही पायरी गाळू नकोस. १२०चे ओरखडे ३२०ने जात नाहीत, फक्त हात दुखतो. प्रत्येक नंबरच्या आधी सगळ्या अंगावर पेन्सिलीने हलक्या रेघोट्या ओढ. रेघोट्या सगळीकडून गेल्या म्हणजे पेपर सगळीकडे लागला. सपाट भागावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घास, नुसत्या बोटांनी नाही. बोटं मऊ जागी खड्डे पाडतात आणि ते चकाकीत दिसतात. नेहमी रेषेच्या दिशेने. रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवी धर, जमिनीवर पडलेली सुई शोधतात तशी. त्या उजेडात तुझ्या पाठीवरच्या रंध्याच्या खुणा शेतातल्या सरींसारख्या दिसतील.

२२० झालं की ओल्या फडक्याने सगळं अंग पुसून वाळू दे. लाकडाची लव उभी राहील. ती ३२०ने हलकेच काप. ही लव आत्ता काढली नाहीस तर ती पहिल्या लाखेत उभी राहून अंग खरखरीत करेल. कडा चांगल्या गोल कर, निदान जाड पेन्सिलीच्या गोलाईएवढ्या. धारदार कडेवर कुठलाही थर टिकत नाही. ओला असताना तो कडेवरून सरकतो आणि घासताना तिथेच आधी उघडा पडतो. कोपराखालची ती खडूची जागा मात्र आणखी उतरती कर, तिरकी. तासभर वाजवल्यावर हातावर वळ उठणार नाही.

हे सगळं करताना नाक-तोंड बांध. सागाची आणि शिसवाची धूळ अंगाला खाज आणते, काहींना दमाही. पंखा लावून धूळ घरभर उडवण्यापेक्षा गच्चीवर बस.

तुळईतल्या खिळ्यांच्या भोकांभोवती काळी वर्तुळं पडलीत, ती घासून जायची नाहीत. लोखंड आणि सागातलं टॅनिन यांची गाठ पडली की असा डाग खोल जातो. आम्ल लावून तो काढता येतो, पण माझं मन होत नाही. साठ-सत्तर वर्षं त्या तुळईने आपलं घर पेललं, तिच्या खुणा दिसू देत. भोकं मात्र भर. लाखेची कांडी मिळते, तापवलेल्या चाकूने तिचा थेंब भोकात सोड, गार झाल्यावर धारेने बरोबरीला काप.

सागाची छिद्रं मोठी असतात. ती न भरता लाख चढवलीस तर अंग दुरून चकाकतं आणि जवळून सुईच्या टोकांनी भरलेलं दिसतं. काहींना तेच आवडतं. मला वाद्यावर नाही आवडत, त्या छिद्रांत घामाचा मळ साठतो. खडूची बारीक पूड, चिमूटभर गेरू, थोडी पिवडी, असं लाकडाच्या रंगापेक्षा जरा गडद मिश्रण पातळ लाखेत कालव आणि जाडसर कापडाने आडवं-तिडवं रगड. रेषेच्या दिशेने रगडलंस तर भरलेलं परत निघून येतं. वाळल्यावर ३२०ने वरचं सगळं काढ, छिद्रांतलं तेवढं राहू दे. रंग देण्याबद्दल एक सांगतो. तू हळदीचा पिवळा द्यायचं म्हणत होतीस. दिसेल सुंदर, पण हळद उन्हाला टिकत नाही. वर्षभरात खिडकीकडची बाजू फिकी पडेल. जुन्या सागाचा स्वतःचा रंग लाखेखाली मधासारखा उघडतो. त्याच्यावर काही ओतायची गरज नाही.

काहीही करण्याआधी तुकड्यावर कर. तुळईचा उरलेला तुकडा घे आणि त्यावर घासण्यापासून शेवटच्या मेणापर्यंत सगळं, त्याच क्रमाने. पाठीमागे पेन्सिलीने लिही, कुठला पेपर, किती हात, कोणती तारीख. ज्या जागी लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या गेल्यात, म्हणजे बॉडीचं वरचं आणि खालचं टोक, तिथे लाकूड स्पंजासारखं पितं आणि काळं पडतं. आधी तिथे पातळ लाखेचे दोन हात देऊन तहान भागव, मग सगळीकडे सारखं जाईल.

नेकचा खळगा चिकटपट्टीने झाक. आत थर बसला तर नेक बसणार नाही, आणि जोर लावून बसवलीस तर कडेने तडा जाईल. स्क्रूच्या प्रत्येक भोकाचं तोंड थोडं पसरट करून घे, नाहीतर स्क्रू आवळताना भोवतालचा थर उचलला जातो. स्क्रूला मेणबत्तीचं मेण लाव, साबण नको. साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. खळग्यात एक लांब पट्टी स्क्रूने बसव. तीच तुझी मूठ, आणि तिच्याच टोकाला भोक पाडून बॉडी टांगता येते. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, म्हणून पहिला हात देण्याच्या दहा मिनिटं आधी थिनरच्या फडक्याने पूस. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल परत वर येतं.

आता बोळा. जुन्या धुतलेल्या लोकरीचा किंवा कापसाचा लिंबाएवढा गोळा, त्यावर मलमलीची दुहेरी घडी, मागे पीळ देऊन मुठीत धरायचा. लाख आतल्या कापसाला पाज, मलमलीवर ओतू नकोस. तळहातावर दाबून बघ. ओल जाणवावी, थेंब सुटू नये. कडेवरून हवेतून उतरत आत ये, विमान उतरतं तशी, आणि तसाच वर उचल. लाकडावर बोळा कधीही थांबवायचा नाही. थांबलीस की स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि कापडाची जाळी उमटते. आधी रेषेच्या दिशेने लांब हात, मग गोल, मग आठच्या आकड्यात. बोळा ओढल्यासारखा वाटला तर मलमलीवर जवसाच्या तेलाचं एक बोट. अख्खं बोट नाही, बोटाच्या टोकाएवढं. पाच-सहा हात झाले की थांब. त्या दिवशी आणखी नाही. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरच्या पेपरने अगदी हलकं फिरव आणि पुन्हा. अशा चार-पाच बैठकांत अंग भरेल. चौथ्या बैठकीला दिव्याचं प्रतिबिंब कडा धरायला लागतं. तो क्षण मी किती वेळा पाहिलाय, तरी दर वेळी मी काम थांबवून नुसता बघत बसतो.

संध्याकाळी दिव्याखाली काम करू नकोस, चिलटं येऊन ओल्या लाखेत बसतात. काम सुरू करण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पूस, म्हणजे धूळ खाली बसेल.

आणि हे सगळं आत्ता नाही. ठाण्याच्या हवेत भाद्रपदात लाखेला हात लावशील तर ती पांढुरकी पडेल. स्पिरिट भरभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि थरात अडकते. एनसी लॅकरचंही तसंच. मुंबईत पहिल्या पावसाळ्यात एका घरच्या लग्नाचं कपाट मी जुलैत केलं, मुदत होती म्हणून. सकाळी दारं दुधाळ झालेली होती. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा अगदी हलका बोळा फिरवून बरंचसं साफ झालं, सगळं नाही. दसरा होऊ दे. पावसानंतरची कोरडी ऊन-हवा लाखेला मानवते.

नेकला लाख नको. तुझी नेक मेपलची आहे. मेपल पांढरं आणि उघडं ठेवलं तर घामाने काळपट होतं, ओल पिऊन वाकतंही. तिच्या पाठीवर तुझा अंगठा दिवसभर फिरणार. लाख घामाने हळूहळू मऊ पडते, आणि आजकाल तुम्ही सगळे हाताला सॅनिटायझर लावता. त्यातलं अल्कोहोल लाखेला थेट विरघळवतं. वाजवण्याआधी हात साबणानेच धू, हे बॉडीसाठीही लक्षात ठेव. नेकला हार्डनर न लागणारं, एकाच डब्यातलं मॅट पीयू घे. त्याच्याच थिनरने निम्मं पातळ कर, मऊ सुती फडक्याने पुसल्यासारखे चार-पाच हात दे, प्रत्येक हातामध्ये पूर्ण रात्र जाऊ दे. चकाकणारी नेक दमट हवेत अंगठ्याला धरून ठेवते. म्हणून आठवड्याभराने शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलने लांबीच्या दिशेने फिरव, रेशमासारखी सरकेल. पण पिकअप बसवण्याआधी. ते लोखंडी केस लोहचुंबकाला जाऊन चिकटतात आणि आयुष्यभर निघत नाहीत.

शिसवाच्या फ्रेटबोर्डवर थर अजिबात नको. जवसाचं तेल थेंबभर, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढ. शिसवात स्वतःचं तेल असतं, वर आणखी दिलंस तर वाळत नाही. पुढे कधी फ्रेट नसलेला बेस करशील तेव्हा गोष्ट वेगळी. तूच मला जाको पास्टोरियस ऐकवलास. त्याने आपल्या १९६२च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून बोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं, कारण पीळदार तारा उघडं शिसव खाऊन टाकतात. त्याची मींड मी ऐकली तेव्हा मला सारंगी आठवली. तो बेस करशील तेव्हा इपॉक्सीचं बोलू.

लाख झाल्यावर तीन आठवडे भिंतीला टांगून ठेव. वाळलं का ते नाकाने ओळख. अंगाजवळ नाक नेऊन स्पिरिटचा वास येत असेल तर थांब. पिशवीत तर मुळीच घालू नकोस, अस्तराचा ठसा उमटेल. मग १०००, १५००, २००० नंबरचे वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात. पाणी अगदी बेताचं, आणि स्क्रूची भोकं आधी मेणाने बुजव. भोकात पाणी गेलं की लाकूड फुगतं आणि कडेने थराला तडे जातात. शेवटी मधमाश्यांचं मेण. ते गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळव, विस्तव विझवून खोलीबाहेर ने आणि मग तिप्पट टर्पेंटाइन घाल. गार झालं की लोण्यासारखं होतं. मऊ फडक्याने पातळ लाव, अर्ध्या तासाने लोकरीने घासून चमकव. बक्कलाच्या जागी दोनदा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आईलाही वाचून दाखव. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकायची नाहीत. ते तेल वाळताना ऊब धरतं, आणि ढिगात ती ऊब बाहेर पडायला जागा नसते. विशीत असताना मी एका कारखान्यात संध्याकाळी तेलाची फडकी पोत्यात कोंबली आणि घरी गेलो. कुठे ठिणगी नाही, विडी नाही. सकाळी पोतं धुमसत होतं आणि शेजारची फळी काळी झाली होती. रखवालदार लवकर आला म्हणून वाचलो. फडकं दोरीवर पसरून उन्हात कडक होईपर्यंत वाळव, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेव. बोळ्यावरच्या त्या एका बोटाच्या तेलालाही हेच.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ये. बोळा कसा वळायचा ते लिहून कळत नाही, हात धरून दाखवावं लागतं. येताना तुळईचा उरलेला तुकडा घेऊन ये, आणि चपडी ठाण्यात घेऊ नकोस, इथल्या बाजारातून मी ताजी आणून ठेवतो.